वाऱ्याच्या उलट चाललेली ‘तबकडी’: नलस्कूल आणि विंडी वापरून आलेला अनुभव

ऐरोलीत माझा फुग्यांच्या सजावटीचा धंदा आहे. बारसं, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, हॉलमधली नवरा-नवरीची एन्ट्री, सगळी कामं घेतो. लॉनवर कमान उभी करायची असली की आदल्या रात्री वारा बघावाच लागतो, त्यामुळे विंडी हे ॲप माझ्या मोबाइलवर कायम असतं. कमानीसाठी ते चांगलंच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. मला लिहायचंय ते दुसऱ्या उपयोगाबद्दल. आकाशात काहीतरी चमकतं, कुणीतरी व्हिडिओ काढतं, सोसायटीच्या ग्रुपवर ‘उडती तबकडी’ म्हणून फिरायला लागतो आणि मग माझ्याकडे विचारणा होते, ‘दादा, हा फुगा असू शकेल का?’ या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देऊ नये. ते तपासून देता येतं आणि त्यासाठी लागणारी साधनं फुकट आहेत.

त्यातलं माझं सगळ्यात आवडतं साधन म्हणजे ‘अर्थ नलस्कूल’ ही साइट. कॅमेरॉन बेकारिओ नावाच्या एका माणसाने 2013 साली ती सुरू केली. उघडली की काळ्या पडद्यावर पृथ्वीचा गोल आणि त्यावर वाहणाऱ्या हिरव्या-निळ्या रेषा दिसतात. बरेच जण ते सुंदर दृश्य बघतात आणि बंद करतात. खरं काम आहे ते डाव्या कोपऱ्यातल्या ‘अर्थ’ या अक्षरांवर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या यादीत. तिथे उंचीची एक ओळ आहे: जमीन, मग 1000, 850, 700, 500, 250, 70 आणि 10. हे आकडे हेक्टोपास्कलमधले आहेत, म्हणजे हवेचा दाब. वर जावं तसा दाब कमी होतो. 850 म्हणजे साधारण दीड किलोमीटर, 700 म्हणजे तीन, 500 म्हणजे साडेपाचच्या पुढे, 250 म्हणजे विमानं उडतात ती दहा किलोमीटरच्या आसपासची उंची, 70 म्हणजे अठरा आणि 10 म्हणजे तीसेक किलोमीटर. ठाण्यावर बोट टेकवलं की एक हिरवं वर्तुळ येतं आणि त्या जागी, त्या उंचीवर वारा कुठून आणि किती वेगाने वाहतोय ते आकड्यात दिसतं. शिवाय तारीख मागे नेता येते. मागच्या महिन्यातली संध्याकाळ असो की काही वर्षांपूर्वीची, त्या वेळचा वारा बघता येतो. तबकडीच्या तपासाला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची आहे, कारण व्हिडिओ आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा ती संध्याकाळ उलटून गेलेली असते.

एक गोष्ट पहिल्यांदाच पक्की करून घ्या. हवामानात वाऱ्याची दिशा म्हणजे तो कुठून येतो ती. 270 अंश म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा, आणि त्याच्यावर स्वार झालेला फुगा जाणार पूर्वेला. पहिल्यांदा बघणारा माणूस इथेच उलटा निष्कर्ष काढून बसतो.

आता एक प्रसंग सविस्तर सांगतो. हिवाळ्यातली संध्याकाळ, सूर्य नुकताच मावळत होता. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका गच्चीवर फेऱ्या मारत होते. पारसिकच्या डोंगरावरून नारिंगी रंगाचं, चमकणारं काहीतरी त्यांना येताना दिसलं. आवाज नाही, लुकलुकणारा दिवा नाही. शांतपणे पश्चिमेकडे सरकत ते डोक्यावर आलं, खाडीच्या दिशेने निघालं आणि मुलुंडकडे पोहोचायच्या आधीच नाहीसं झालं. काकांनी व्हिडिओ काढला होता आणि त्यांचं निरीक्षण चोख होतं. मला म्हणाले, ‘‘फुगा नव्हे हा. देवळावरचा भगवा पूर्वेकडे फडफडत होता. खाडीवरून वारा येतोय आणि हे खाडीकडे चाललंय. वाऱ्याच्या उलट फुगा कसा जाईल?’’

प्रश्न अगदी बरोबर आहे. फुगा वाऱ्याच्या उलट जाऊ शकत नाही. पण देवळाचा झेंडा फक्त देवळाच्या उंचीचा वारा सांगतो. आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरून, म्हणजे पश्चिम-वायव्येकडून, वारा आत येतो. हा खारा वारा काही शे मीटर जाडीचा थर असतो. जमीन तापून वर चढलेली हवा वरच्या वर समुद्राकडे परत फिरते, आणि हिवाळ्यात त्या उंचीवर देशावरून येणारे ईशान्य-पूर्वेचे वारे बऱ्याचदा असतातच. म्हणजे खालचा झेंडा पूर्वेकडे आणि हजार मीटरवरचा फुगा पश्चिमेकडे, दोन्ही एकाच वेळी घडू शकतं. आणखी वर, पाच-सहा किलोमीटरवर, हिवाळ्यात पुन्हा पश्चिमेकडून वारा लागतो. आकाशात असे वाऱ्यांचे मजले असतात.

मी त्याच रात्री विंडी उघडलं. विंडीचा फायदा असा की खालच्या थरात त्याचे टप्पे जवळजवळ आहेत: 100 मीटर, 600, 750, 900, 1500 असं चढत जाता येतं. नलस्कूलवर 1000 नंतर एकदम 850, मधला भाग गायब, आणि आपल्याकडची सगळी गंमत नेमकी त्या मधल्या भागात असते. ऐरोलीवर बोट ठेवून मी उंची वाढवत गेलो. जमिनीवर बाण पूर्वेकडे. 600 ला वारा मंदावला आणि भरकटल्यासारखा झाला. 900 ला बाण सरळ फिरून पश्चिम-नैर्ऋत्येकडे तोंड करून उभा, वेग ताशी विसेक किलोमीटर. काका शेजारी बसून बघत होते. बाण फिरला तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दोनदा खाली-वर करून पाहिलं.

दिशा जुळली म्हणून काम संपत नाही, वेगही जुळायला हवा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात अंदाजे दहा अंश झाकते. काकांना मी व्हिडिओतल्या दोन खुणा दाखवल्या, पाण्याची टाकी आणि पलीकडच्या बिल्डिंगची लिफ्टची खोली. तिथेच उभं राहून मुठीने मोजायला सांगितलं. ते चमकणारं डोक्याजवळ असताना एक मूठ अंतर अर्ध्या मिनिटात कापत होतं. हिशेब करा: ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. एक किलोमीटर उंचीवर ही वस्तू सेकंदाला एक तृतीयांश अंश सरकेल, म्हणजे दहा अंशांना तीस सेकंद. जुळलं.

इथे एक खाच आहे. डोळ्याला फक्त कोन दिसतो. एक किलोमीटरवर ताशी 20 ने जाणारी वस्तू आणि पाच किलोमीटरवर ताशी 100 ने जाणारी वस्तू सारख्याच वेगाने सरकताना दिसतात. मग कुठली धरायची? वाऱ्याची आकडेवारी इथे कामाला येते. त्या संध्याकाळी पाच किलोमीटरवर वारा पश्चिमेकडून होता. तिथे फुगा असता तर तो पूर्वेला गेला असता. म्हणजे उंचीचे जे अनेक पर्याय होते त्यातला एकच उरला.

मग नाहीसं कसं झालं? त्याचं उत्तर माझ्या धंद्यात आहे. हल्ली वाढदिवसाला फॉइलचे 40 इंची आकडे लागतात, म्हणजे मीटरभर उंचीचा चकचकीत फुगा. एक किलोमीटरवरून तो चंद्राच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याएवढा दिसतो. एरवी तो डोळ्यांत भरणार नाही, पण उन्हात आरशासारखा लखलखतो. एक किलोमीटर उंचीवर सूर्य जमिनीपेक्षा चारेक मिनिटं उशिरा मावळतो. काकांच्या पूर्वेला असेपर्यंत मावळतीचं ऊन त्या फुग्याच्या तोंडावर पडत होतं आणि ते थेट काकांकडे परावर्तित होत होतं, म्हणून तो नारिंगी. डोक्यावरून पुढे पश्चिमेला गेल्यावर उजेड त्याच्या मागच्या बाजूला गेला आणि काकांकडे काळपट बाजू आली. त्यातच वरचा सूर्यही मावळला. फुगा तिथेच होता, दिसेनासा झाला इतकंच.

कुठून सुटला असेल? कल्याण-डोंबिवली किंवा शीळफाट्याच्या बाजूने, असं दिशा सांगते. वर चढताना तो आधी खाऱ्या वाऱ्यात थोडा पूर्वेला ढकलला गेला असणार, मग मागे फिरला असणार. त्यामुळे नेमका हॉल सांगता येत नाही आणि सांगायचा आग्रहही धरू नये. वाऱ्यावरून वस्तू फुग्यासारखी चालली की नाही हे कळतं, फुगा कुणाच्या वाढदिवसाचा ते कळत नाही.

यात दोन्ही साधनांची मर्यादा सांगायलाच हवी. विंडी काय किंवा नलस्कूल काय, दोन्ही मॉडेलचे, म्हणजे संगणकाने गणित करून काढलेले, आकडे दाखवतात. प्रत्यक्ष आपल्या गच्चीवर मोजलेला वारा तो नसतो. नलस्कूलच्या मागे अमेरिकेचं जीएफएस मॉडेल आहे, त्याची चौकट वीस-पंचवीस किलोमीटरची, म्हणजे एवढ्या मोठ्या तुकड्याला वाऱ्याचा एकच आकडा. विंडीवर युरोपचं मॉडेल निवडता येतं, ते 9 किलोमीटरचं, म्हणून मी तेच घेतो. पण येऊरचा डोंगर, पारसिकची रांग, मधली खाडी, घोडबंदर रोडवरचे टॉवर, हे बारकावे नऊ किलोमीटरच्या चौकटीत नीट मावत नाहीत. खारा वारा नेमका किती वाजता आत शिरला आणि किती जाडीचा होता यात मॉडेल चुकू शकतं. शेदोनशे मीटरवरच्या फुग्यासाठी मी या आकड्यांवर विसंबणार नाही. आठशे-हजार मीटरच्या वर मात्र भरवसा वाढत जातो.

म्हणून तिसरी साइट वापरा, वायोमिंग विद्यापीठाची. दिसायला अगदी रुक्ष आहे, नकाशा आणि आकड्यांचे रकाने, रंगरंगोटी काहीच नाही. पण तिथे मोजलेला वारा आहे. आपलं हवामान खातं सांताक्रूझहून यंत्र बांधलेला फुगा सोडतं. त्याच्या नोंदी पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या वेळांच्या असतात, कारण जगभर 00 आणि 12 यूटीसीला, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री आणि दुपारी बाराला, एकदमच मोजणी होते. यादीत केंद्राचा क्रमांक 43003 शोधा. रकान्यांत दाब, उंची, तापमान आणि पुढे दिशा व वेग मिळतो. वेगाचं एकक बघून घ्या; नॉटमध्ये असेल तर ताशी किलोमीटरसाठी 1.852 ने गुणायचं. काही दिवशी नोंद सापडत नाही, तेव्हा मॉडेलवरच भागवावं लागतं. काकांच्या संध्याकाळची नोंद होती. जमिनीला वायव्येचा वारा, वर जाता जाता दिशा फिरत गेलेली आणि हजार मीटरच्या आसपास पूर्व-ईशान्य. हे आकडे कुठल्याही संगणकाचा अंदाज नव्हते. ऐरोलीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, जवळपास त्याच वेळी वर गेलेल्या फुग्याने ते मोजले होते. तो कागद मी काकांना छापूनच दिला.

हा सांताक्रूझचा फुगाही कधीकधी तबकडी ठरू शकतो, हे लक्षात ठेवा. तो सेकंदाला पाचेक मीटर चढतो, म्हणजे तासाभरात अठरा किलोमीटर. वर दाब कमी होत गेला की तो फुगत जातो आणि तीस किलोमीटरच्या आसपास फुटतो. हिवाळ्यात वरचे जोरदार पश्चिमी वारे त्याला आपल्या अंगावरून कल्याण-कर्जतच्या बाजूला नेतात. खाली अंधार पडला तरी त्या उंचीवर ऊन असतं. म्हणून संध्याकाळी पूर्वेला एखादी ‘चांदणी’ हळूहळू सरकत अचानक विझली, तर आधी त्या दिवसाच्या 12 यूटीसीच्या नोंदी बघाव्यात.

याहून मोठे फुगे हैदराबादहून सुटतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र तिथे आहे. पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले प्रचंड फुगे तीस ते चाळीस किलोमीटरवर जातात आणि उपकरणं पॅराशूटने खाली येतात. डिसेंबर 2022 मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात अशीच एक मोठी कुपी शेतात उतरली आणि बघायला गाव लोटलं. परग्रहावरून काही आलं की काय अशी चर्चा झाली. ती एका स्पॅनिश कंपनीच्या अवकाश पर्यटनाच्या चाचणीची कुपी होती. आपल्या सोलापूर-लातूरकडच्या नातेवाइकांनी असं काही पाठवलं तर नलस्कूलवर 10 हेक्टोपास्कलचा थर लावा. त्या उंचीवरच्या वाऱ्याची दिशा कायम एकच नसते. हैदराबादहून मराठवाड्याकडे काही सरकलं असेल तर त्या तारखेचा वारा आधी तपासायचा.

जगातल्या गाजलेल्या प्रकरणांतही हीच पद्धत लागू पडली आहे. अमेरिकन नौदलाच्या विमानातून 2015 साली काढलेला ‘गो फास्ट’ नावाचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी येतो. पाण्यावरून काहीतरी भन्नाट वेगाने जातंय असं वाटतं. नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर 2023 मधल्या अहवालात पडद्यावरच्याच आकड्यांवरून गणित मांडलं. वस्तू पाण्यालगत नाही, 13,000 फुटांवर आहे आणि तिचा वेग ताशी 40 मैलांच्या आसपास, म्हणजे चौसष्ट किलोमीटर. वेग भासतो तो विमान स्वतः पळत असल्यामुळे. त्या उंचीवर एवढा वारा असणं काहीच विशेष नाही.

फेब्रुवारी 2023 चं प्रकरण मला जास्त जवळचं वाटतं. अमेरिकेवरून गेलेला, हेरगिरीचा संशय असलेला चिनी फुगा पाडल्यानंतरच्या त्या गडबडीत अमेरिकन लढाऊ विमानाने कॅनडाच्या युकॉन भागावर एक छोटी वस्तू पाडली. त्याच सुमारास इलिनॉयमधल्या हौशी मंडळींचा, छोटा रेडिओ बांधलेला चकचकीत फुगा अलास्काजवळ शेवटचा संदेश देऊन गप्प झाला होता. हायस्प्लिट नावाच्या मॉडेलमध्ये त्याचा मार्ग काढला तर तो त्या दिवशी युकॉनवर येत होता. तोच फुगा होता असं अधिकृतपणे सिद्ध झालेलं नाही. पण एवढ्याशा फुग्याचा पत्ता वाऱ्यावरून इतका जवळ काढता येतो, हे बघून मला फार बरं वाटलं होतं. हायस्प्लिट तुम्हीही वापरू शकता. धूर, ज्वालामुखीची राख, किरणोत्सारी कण कुठे जातील हे काढण्यासाठी अमेरिकेच्या नोआ या संस्थेने ते केलंय आणि साइटवर फुकट चालतं. वेळ, जागा, उंची भरली की वस्तू कुठून आली ते उलटं मागे जाऊन दाखवतं. फॉर्म मात्र लांबलचक आहेत आणि मोबाइलवर भरताना जीव नकोसा होतो. कॉम्प्युटरवर बसून करा.

या सगळ्या साधनांचा मान मी एका गोष्टीसाठी राखतो: ती ‘नाही’ म्हणू शकतात. खारघरच्या एका ताईंनी पाठवलेल्या व्हिडिओत तेजस्वी दिवा बराच वेळ एका जागी स्थिर होता, मग एकदम बाजूला सरकला. ग्रुपवरच्या लोकांनी तोपर्यंत ‘फुगा असेल’ म्हणून विषय संपवला होता. मी थर चाळले. त्या रात्री कुठल्याच उंचीवर वारा पडलेला नव्हता, सगळीकडे चांगला वेग होता. स्थिर राहणारा फुगा त्यात बसत नाही. म्हणून मी ताईंना स्पष्ट कळवलं की फुगा नव्हे, विमानांच्या नोंदी बघा. फ्लाइटरडारवर त्या वेळेला थेट त्यांच्या दिशेने उतरत येणारं विमान सापडलं. समोरून येणारा दिवा स्थिरच दिसतो, विमान वळलं की तो सरकतो. क्रम असाच ठेवावा: आधी विमान, मग हेवन्स-अबव्ह या साइटवर उपग्रह आणि स्टारलिंक या इंटरनेट उपग्रहांच्या रांगा, आणि शेवटी वारा. एप्रिल 2022 मध्ये चंद्रपूर-सिंदेवाहीकडे जळत गेलेल्या रेषा दिसल्या आणि मोठी धातूची कडी जमिनीवर पडली, त्याला वाऱ्याचं काहीच देणंघेणं नव्हतं. तो चिनी रॉकेटचा अवशेष होता.

पैशाचं म्हणाल तर नलस्कूल फुकट आहे. विंडीची फुकट आवृत्तीही रोजच्या वापराला पुरेशी आहे, पैसे भरून वेळेचे टप्पे बारीक होतात. मागच्या तारखा हव्या असतील तर थेट नलस्कूल. आज-उद्याचा वारा आणि खालचे थर हवे असतील तर विंडी. वाद मिटवायचा असेल तर वायोमिंगचे रकाने. मी नलस्कूलला पाचपैकी साडेचार देईन, 1000 आणि 850 च्या मधला थर नाही म्हणून अर्धा कमी. विंडीला चार.

व्हिडिओ काढणाऱ्यांना एक विनंती आहे. झूम करत बसू नका. झूम केल्यावर पडद्यावर नुसता थरथरणारा ठिपका उरतो आणि त्यातून काही मोजता येत नाही. चौकटीत एखादी बिल्डिंग, टाकी, विजेचा टॉवर असू द्या, मोबाइल भिंतीला टेकवून स्थिर धरा आणि सलग दोन मिनिटं चालू ठेवा. कुठल्या गच्चीवरून, कुठल्या दिशेला तोंड करून, किती वाजता, हे तिथल्या तिथे बोलून ठेवा. ग्रुपवर व्हिडिओ टाकण्याऐवजी मूळ फाइल पाठवा, म्हणजे नोंदलेली वेळ पुसली जात नाही. आणि गॅसचे फुगे घरी नेत असाल तर रिबनला बांधलेलं वजन फोटो झाल्यावर सोडू नका. आपल्या खाडीवर उच्च दाबाच्या तारा आहेत, खाली फ्लेमिंगो उतरतात, आणि फॉइलचा फुगा दोघांनाही घातक आहे.